दिवाळीला धाडू

माशांच्या टाकीत मासे सगळ्यात शेवटी सोडायचे असतात. हे दुकानदार सांगत नाही, कारण त्याला मासे आजच विकायचे असतात. मी हे मोबाइलवर शिकले. शाळेत मी दहावीच्या गणितापाशी थांबले. पण ब्लाऊजची कटोरी, इन्व्हर्टरचं पाणी आणि सासूबाईंची इंजेक्शनं हे सगळं मी असंच बघून बघून शिकलेय. मासे काय त्याहून अवघड असणार होते?

टाकीची वेळ आली ती सासूबाईंमुळे. जानेवारीत त्यांना लकवा मारला. उजवा हात गेला, वाचा गेली. पायांनी महिनाभरात जीव धरला, शब्दांनी धरला नाही. लंकाबाई म्हणजे घोडेगावच्या आमच्या वस्तीवर आवाजानं ओळखली जाणारी बाई. ओढ्यापलीकडच्या शेळ्या अलीकडून हाकलायच्या. त्या आता भिंतीकडे तोंड करून पडून असायच्या. एप्रिलपर्यंत जेवण सुटत आलं. दिवसाला चार चमचे पेज, तीही मी हट्टाला पेटले तर. मंचरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "औषधं चालू आहेतच, ताई. पण माणसाला जगावंसं वाटलं पाहिजे. असंच चाललं तर पावसाळा निघणं अवघड आहे. त्यांच्यासमोर काहीतरी हलतं ठेवा."

टीव्ही लावला की त्या डोळे मिटायच्या. म्हणून मी मासे ठरवले. माझा नवरा सुदर्शन पारगावच्या साखर कारखान्यावर कामाला आहे. तो म्हणाला, "आई जेवंना, आन् तू माशांना जेवायला घालनार?"

"तुम्हाला घालतेच ना इतकी वर्षं. त्यात सहा वाढले."

लग्नसराई होती, शिवायला ब्लाऊजांचा ढीग पडलेला. मला बिनत्रासाची टाकी हवी होती. अशी टाकी होते, पण सुरुवातीला नीट मांडली तर. जुन्या पायमशीनचा लोखंडी सांगाडा पडून होता, त्यावर कडप्पा ठेवला, कडप्प्यावर थर्माकोल, त्यावर दोन फुटांची काचेची टाकी. उन्हाची तिरीप येणार नाही अशी, पलंगासमोरच्या भिंतीला. ऊन लागलं की पाणी हिरवं होतं. तळाला बोटभर माती, तिच्यावर धुतलेली वाळू, वाळूत पाणवनस्पती. झाडं मातीवर जगतात, माशांची घाण झाडं खातात, आणि आपण आपले ब्लाऊज शिवत बसायचं. पंचायतीच्या नळाला जंतू मारायची टीसीएल पावडर असते, ती माशांना मारते, म्हणून पाणी विहिरीचं. मग तीन आठवडे नुसतं थांबायचं. पाणी पिकू द्यायचं. लोणच्यासारखंच आहे ते, घाई केली की नासतं.

राहिली माती. व्हिडिओतली बाई म्हणाली, खत न घातलेली माती घ्या. आमच्या शेताला मी लग्न होऊन आल्यापासून युरिया आहे. पण नेमकं त्याच आठवड्यात डिंभे धरणाचं पाणी उतरून काठ उघडा पडला होता आणि ट्रॅक्टर गाळ वाहत होते. सुदर्शननं दोन ट्रॉल्या बांधावर टाकून घेतल्या. काळा, मऊ, हाताला लोण्यासारखा. मी एक घमेलं आणलं आणि रव्याच्या चाळणीनं चाळलं. चाळणीत शिंपले राहिले आणि तळहाताएवढा कौलाचा एक तुकडा. तो मी धुऊन टाकीच्या कोपऱ्यात तिरका रोवला. माशांना लपायला आडोसा लागतो.

तो गाळ कुठला ते मला माहीत होतं, उगाच खोटं कशाला बोलू? ज्या आंबेगावाचं नाव अख्ख्या तालुक्याला आहे, ते गावच धरणाच्या पाण्याखाली आहे. सासूबाई तिथल्या. त्यांचं माहेर पाण्यात, एवढं मला लग्नात सांगितलं होतं; जसं एखादीचं माहेर बेल्ह्याला, तसं हिचं पाण्यात. त्यापुढे कुणी बोलायचं नाही. माहेरची म्हणून त्यांच्याकडे एकच वस्तू होती, पायावर घ्यायची गोधडी. त्यांच्या आईनं शिवलेली. शिवणाऱ्या बाईची नजर टाक्यावर जाते, तशी माझी गेली होती: तीन तिरपे टाके, मग बोटभर मोकळी जागा, मग परत तीन. असा टाका मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

तर मी माती अंथरली, वाळू पसरली, झाडं खोचली, ताटलीवरून हलक्या धारेनं पाणी सोडलं. तरी गढूळ झालंच. हात पुसायला वळले, तर पलंगावर सासूबाईंनी कूस बदललेली. भिंत सोडून त्या टाकीकडे बघत होत्या. टाकीत अजून एकही मासा नव्हता. हलत होता तो फक्त खाली बसणारा गाळ.

त्या दिवशी त्यांनी अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. मी चुलीमागे जाऊन रडून आले.

मासे उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी दिले. हिवतापासाठी त्या हौदात गप्पी मासे ठेवतात. चहाच्या गाळणीनं सहा काढून पिशवीत घातले आणि म्हणाल्या, "पिल्लं झाली की आणून दे गं. डास लई, मासं थोडं."

पहिली खटकलेली गोष्ट म्हणजे पाणी.

पाण्याची पातळी कळावी म्हणून मी काचेला शिलाईच्या टेपचा तुकडा चिकटवला होता. टाकी भरली तेव्हा पाणी चौदा इंचांवर होतं. आठवड्यात नऊवर आलं. मी भर घातली, चौदा केलं. सकाळी नऊ. पुन्हा चौदा केलं, पुन्हा नऊ. खाली अंथरलेला कागद कोरडा ठाक. सुदर्शन म्हणाला, "उकाडा हाय." मी शेजारी तेवढंच पाणी घालून स्टीलचं पातेलं ठेवलं. चार दिवसांत पातेल्यातलं पाणी नखभर उतरलं. टाकीतलं सातवर गेलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात तीन इंच पाण्यात माझे सहा मासे कौलाला अंग घासत फिरत होते आणि मी त्यात बादल्या ओतायचं सोडून दिलं होतं.

जुलैत ते चढायला लागलं. मी थेंब न घालता.

एकदा दुपारी सुदर्शन जेवता जेवता मोबाइलमधून वाचत होता, "धरन पन्नास टक्के झालं गं." मी टेपकडे बघितलं. सात. चौदाचे निम्मे सात, एवढं गणित मला येतं. मग मी रोज त्याला धरण विचारायला लागले. तो म्हणाला, "तू काय पाटबंधारे खात्यात लागलीस का?" मी त्याला सांगितलं नाही. सांगून काय झालं असतं? त्यानं टाकी उचलून बाहेर ठेवली असती. आणि पलंगावरची बाई आता दोन वेळा जेवत होती.

दुसरी गोष्ट वाळू. गप्पी मासे वाळू उकरत नाहीत, त्यांचं सगळं वरवर असतं. पण वाळूत हळूहळू रेघा दिसायला लागल्या. कडेनं एक रुंद, तिला फुटलेल्या तीन-चार अरुंद, अधेमधे बोटभर उंचीचे चौकोन. मी चमच्यानं सपाट केलं. दुसऱ्या दिवशी तसंच. आणि मासे जायचे ते त्या रेघांवरूनच. चौकोन आला की वळसा घालायचे, वरून मोकळं पाणी असताना.

सासूबाई पलंगावरून उठून टाकीसमोरच्या स्टुलावर बसायला लागल्या. डाव्या हाताचं बोट काचेवर ठेवून एकेका माशाबरोबर सरकवत न्यायच्या. एका दुपारी मी कॉलरीला टीप मारत होते. मागून आवाज आला, घोगरा, गंजलेल्या कडीसारखा.

"हितनं वळायचं."

मी मशीन थांबवलं. मागे वळायची हिंमत होईना.

"ही गावाची येस. हे मारुतीचं देऊळ. हितनं वळलं की आमचं."

शेवटी वळले, तर बोट कौलाच्या तुकड्यापाशी थांबलं होतं.

सहा महिन्यांनी त्या बोलल्या होत्या. मी वाळूकडे बघितलंच नाही, त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मला त्या वेळी एवढंच वाटलं, की ज्यानं कुणी हे केलं त्याचं भलं होवो. अजूनही तेच वाटतं.

त्यानंतर शब्द रोज थोडे थोडे येत गेले. आणि नागपंचमीच्या आठवडाभर आधी सातवा मासा दिसला.

तो गप्पी नव्हता. काळा, तळहाताएवढा, तोंडाला दोन्हीकडे लांब मिशा. नदीत शिंगटा म्हणतात तसला. मी डोकं चालवलं: गाळात अंडी आली असतील. पण गाळ मी दोन दिवस उन्हात वाळवला होता, आणि तीन महिन्यांत तळहाताएवढा मासा दोन फुटांच्या टाकीत माझ्या नजरेतून सुटला असता का? तो गप्प्यांना खात नव्हता. मी टाकलेलं खाद्यही खात नव्हता. कौलाजवळ उभा राहायचा, तोंड पलंगाकडे करून.

सासूबाई त्याला काही म्हणायच्या नाहीत. फक्त तो पुढे आला की डोक्यावरचा पदर नीट करायच्या.

नागपंचमीच्या दिवशी आमच्यात काही चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही. मी सकाळी पुरणाची दिंडं उकडायला लावली होती. सुदर्शन कारखान्यावर गेलेला. दिंडं झाकून बाहेरच्या खोलीत आले आणि दारातच थांबले.

सासूबाई पलंगावर बसल्या होत्या. पाय खाली सोडून. केस विंचरलेले, कपाळाला कुंकू. लुगडं त्यांचं त्यांनी नेसलं होतं, एका हातानं. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत घडी घातलेली गोधडी.

"मंगल," त्या म्हणाल्या, "मुराळी आलाय."

मुराळी म्हणजे सासरी असलेल्या बहिणीला पंचमीला माहेरी न्यायला येणारा भाऊ. आमच्याकडे अजून ही रीत आहे. आता तो मोटरसायकलवर येतो एवढंच.

"कोण मुराळी, आई?"

"माझा भाऊ. संपत. कवाचा हुबा हाय बिचारा." त्यांनी टाकीकडे हनुवटी केली. "तू घरची मालकीन. तू व्हय म्हन, मंजी मी निघते."

काळा मासा काचेला टेकला होता. मिशा हलत नव्हत्या. सगळे गप्पी त्याच्या मागे, त्या रुंद रेघेवर, एका ओळीत.

खोलीत गाळाचा वास होता. थंड.

मला काय कळलं ते सांगते. मला कळलं की मी हो म्हटलं तर ही बाई आज जाणार. शेजारी नाही, गावाला नाही. जाणार. आणि हेही कळलं, की तो विचारायला थांबलाय. सासरच्या बाईनं हो म्हटल्याशिवाय मुराळी बहिणीला नेत नाही. तेवढी एकच गोष्ट माझ्या हातात होती.

हळदीचे हात मी पदराला पुसले. टाकीसमोर उभी राहिले. मला हसू येत होतं.

"मामा," मी माशाला म्हटलं, "यंदा पंचमीला नाही जमायचं. आईंच्या अंगात अजून ताकद नाही."

मासा हलला नाही.

मग तोंडातून ते गेलं. सासरची बाई जे म्हणते तेच. काही विचार न करता.

"दिवाळीला धाडू."

तो वळला. सावकाश, त्या रेघेवरून, देवळाच्या चौकोनाला वळसा घालून कौलाखाली गेला. कौलाखाली दोन बोटांची फट होती आणि मासा तळहाताएवढा. नंतर मी कौल उचलून बघितलं. खाली वाळू होती, दुसरं काही नाही.

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. ओठ पांढरे पडले होते.

"ह्येच," त्या म्हणाल्या. "शबुद न् शबुद ह्येच म्हनली व्हती माझी सासू."

"कधी?"

"पानी चढाया लागलं त्या साली. गाव रिकामं झालं व्हतं. संपत हितं ह्याच उंबऱ्यावर आला. म्हनला, मावशी, ह्या पंचमीला अक्काला धाडा. पुढल्या साली घर दिसायचं न्हाई, एकदा बघू द्या तिला. सासू म्हनली, यंदा न्हाई जमायचं. दिवाळीला धाडू. गुळपानीबी न्हाई दिलं त्याला. तसाच माघारी गेला. घराकडं गेला म्हनत्यात. कुनालाच घावला न्हाई."

"आणि दिवाळीला?"

"दिवाळीला कोन येनार, पोरी? पिशवी भरून बसले व्हते मी. पाडवा गेला, भाऊबीज गेली."

त्यांनी पिशवीतून गोधडी काढली आणि पायावर घेतली. मग म्हणाल्या, "भूक लागली. दिंडं झाली का?"

पाच खाल्ली. साजूक तुपाबरोबर.

त्या दिवसानंतरचे तीन महिने मी कुणाला कसे समजावून सांगू? सत्तावीस वर्षं मी ह्या घरात आहे, आणि सासू मला आत्ता मिळाली. त्या बोलायला लागल्या ते थांबेनाच. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलं. मी मान डोलावली. औषधानंही केलं असेल, त्याचेही उपकार. त्यांनी मला अळवाची खाज कशी काढायची ते सांगितलं, सुदर्शन लहानपणी काय काय फोडून ठेवायचा ते सांगितलं, दारावरच्या मेथीवाल्याला आवाजानं घाबरवून सोडलं. एकदा शेंगा निवडता निवडता, वर न बघता म्हणाल्या,

"तुज्या पयल्या पंचमीला तुजा भाऊ मी परत लावला व्हता."

"हो."

"जांभळीखाली बसून रडला व्हता त्यो. मी खिडकीतनं बघितलं. माज्यावर जे बेतलं त्येच मी तुला केलं. का केलं, ठावं न्हाई. सासू झालं की त्वांडातनं जातंच ते."

"गेलं ते, आई."

"गेलं न्हाई. म्हनून तर सांगतीया."

मी शेंगा निवडत राहिले. सत्तावीस वर्षं मी हे वाक्य ऐकायला थांबले होते, आणि थांबले होते हे मलाच माहीत नव्हतं. यंदाच्या पंचमीला मी मुराळ्याला हो म्हटलं असतं तर ते कधी ऐकलं नसतं.

टाकीला त्यानंतर मी हात लावलेला नाही. पाणी चौदावर आहे; धरण भरलंय. काचेवर शेवाळ नाही. सहा गप्प्यांचे चाळीस झाले, नर्सबाईंना दोनदा पिल्लं पोचवली. बिनत्रासाची टाकी हवी होती, ती मिळाली. त्या व्हिडिओखाली आभार लिहायला मी दोनदा बसले आणि काय लिहावं ते न सुचून उठले.

परवा भाऊबीज आहे.

पंधरा दिवसांपूर्वी सासूबाई म्हणाल्या, "मंगल, मला एक खनाचा ब्लाऊज शिव. म्हायेरी जायचं तर अंगावर नवं पायजे. आन् दिल्या शबदाला जाग. माज्या सासूचा शबुद पान्यानं मोडला. तुजा तू मोडू नगंस."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

कापड बेतलं, कापलं, शिवलं. अंजिरी खण, हिरवा काठ. बाह्या झाल्या, गळा झाला. फक्त हुका लावायच्या ठेवल्या. कुठल्याही शिंपिणीला विचारा, गिऱ्हाइकाला लटकवायचं तर हुकांवर लटकवता येतं. रोज त्या विचारतात, "झाला का गं?" रोज मी सांगते, "हुका राहिल्यात, आई." त्या हसतात. त्यांना कळतं. टाकीशेजारी मी पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा मात्र रोज ठेवते. मागच्या वेळी मीही पाहुण्याला तसंच पाठवलं होतं.

मला राग नाही. भीती आहे, पण ती कमी आणि उपकार जास्त आहेत. पेजेचे चार चमचे आणि भिंत, एवढंच उरलं होतं माझ्यापाशी. तिथून कुणीतरी मला दिंडांपासून दिवाळीपर्यंत जेवणारी-बोलणारी बाई परत दिली. आणायची ती आणली, न्यायची तर विचारून नेणार. इतकी रीत जिवंत माणसंही पाळत नाहीत.

आज सकाळी फराळाचं आटपून मशीनवर बसले. म्हटलं, एक हूक लावावी. एकच. ब्लाऊज मशीनच्या खणात घडी करून ठेवलेला असतो, सुई-दोऱ्याचा डबा त्याच्यावर.

सासूबाई पलंगावर झोपल्या होत्या. उजवा हात गोधडीवर, तसाच, निर्जीव.

घडी उलगडली. हुका लागल्या होत्या. सहाच्या सहा.

खिडकीशी नेऊन बघितलं. प्रत्येक हुकेला तीन तिरपे टाके, मग बारीकशी मोकळी जागा, मग परत तीन.

दोरा अजून ओला होता.